एकवर ठेवलेली दुर्बीण

गोळी सुटली. झाडावरचे सगळे पक्षी उडाले. धूळ खाली बसली तेव्हा तारुविंगाच्या समोरचा कागद जसा होता तसाच होता. शेजारच्या कागदावरच्या हत्तीला मात्र डोळा आणि कान यांच्या बरोबर मध्ये भोक पडलं होतं. त्या कागदासमोर कुणी उभंच नव्हतं.

"नेम उत्तम आहे," चिनेंगुंदू बाई म्हणाल्या. "फक्त कुणाचा आहे ते कळत नाहीये."

बाई आमच्या जिल्हा परिषदेच्या वन्यप्राणी विभागाच्या प्रमुख. पिकात घुसणाऱ्या हत्तींना हुसकायला, आणि अगदीच ऐकेनात तर मारायला, परिषदेकडे थोडी माणसं आहेत. त्यांची दरवर्षी परीक्षा होते. जवळचा हत्ती, लांबचा हत्ती आणि शेवटी अंगावर चालून येणारा रानरेडा. हत्ती कागदाचे. रेडा पत्र्याचा, खाली ढकलगाडीची चाकं. सगळे प्राणी परिषदेच्या पेंटरने रंगवलेत. त्याचा हात दवाखान्याच्या पाट्यांवर बसलेला, त्यामुळे आमचा हत्ती लस टोचून घ्यायला खुशीने आलेल्या बाळासारखा हसतो. रेड्याला दोर बांधलेला असतो, दोर कप्पीवरून फिरवून परिषदेच्या गाडीला, आणि ती गाडी मी चालवतो. म्हणजे वर्षातून एक दिवस मी रेडा असतो. पगार तोच.

त्या दिवशी रेड्यापर्यंत वेळ आलीच नाही.

"सामन्यांगा," बाई तारुविंगाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डोळे दाखवलेत का कुणाला?"

तारुविंगाचं देवक हत्ती. आमच्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, देवकाच्या मानाच्या नावाने मारतात. सामन्यांगा म्हणजे सुळ्यांचा धनी. सुळ्यांच्या धन्याला हत्ती मारायचा पगार मिळतो हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं. आम्हालाही वाटतं, पण नोकऱ्या आहेत कुठे? हत्ती पडला की तारुविंगा आधी रायफल खाली ठेवतो, उकिडवा बसतो, तळवे जुळवून हळूहळू टाळ्या वाजवतो आणि त्या हत्तीला स्वतःच्याच नावाने हाक मारून माफी मागतो. हे उरकल्याशिवाय गावात कुणी सुरी बाहेर काढत नाही. मग सगळं गाव मांस घरी नेतं. देवकाचं मांस चालत नाही म्हणून ज्याने हत्ती मारला तो घरी जाऊन वाळक्या मासोळ्या खातो. सगळी नोकरी त्याने वाळक्या मासोळ्यांवर काढली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "मणी खराब झालाय, बाई. नळीच्या टोकाचा. पूर्वी कसा टणक दिसायचा. आता कापसाचा झालाय."

बाईंनी मणी बोटाने दाबून पाहिला. पितळेचा होता.

"मका दुधात यायच्या आत परत या. तिन्ही बसले तर रायफल तुमची. नाही बसले तर..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. त्या चांगल्या बाई आहेत.

"तर माशी-नाका," मी पुरं केलं.

ते माझं कामच आहे. मी तारुविंगाचा सावीरा. माझ्या आजोबांनी त्याच्या आजोबांशी मैत्र जोडलं होतं, ते वारशाने माझ्याकडे आलं. दुसरं काही आलं नाही. दुसरं कुणी तोंडावर बोलणार नाही ते सावीराने बोलायचं, टर उडवायची, आणि मैतर मेला की मयतीच्या ठिकाणी त्याचेच कपडे घालून त्याची नक्कल करायची, अशी की विधवासुद्धा हसली पाहिजे. तारुविंगा साठीला टेकलेला, मी तिशीतला. तरी मी त्याला अरे-तुरे करतो आणि त्याला रागावायची मुभा नाही.

माशी-नाका आमच्या दरीतून घाटावर जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गुरांना मारणारी त्सेत्से माशी गाडीवर बसून वर जाऊ नये म्हणून तिथे गणवेशातला एक माणूस हातात छोटी जाळी घेऊन प्रत्येक गाडीभोवती फेरी मारतो. माशी दिसली तर पकडतो. सहसा दिसत नाही. हत्तीवरून माशीवर, ही परिषदेच्या हिशेबी समान दर्जाची बदली होती.

 परतताना गाडीत तारुविंगाने अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि काचेतून पुढच्या झाडाकडे बघत राहिला.

"मणी बघतो तेव्हा हत्ती जातो," तो म्हणाला. "हत्ती बघतो तेव्हा मणी जातो."

"आणि डोळ्याजवळची खाच? तीही लागते ना नेमाला?"

"खाच गेल्या वर्षीच गेली."

"मग इतके दिवस कसा काय मारत होतास?"

"आठवणीने."

गाडीतली हवा जरा थंड झाल्यासारखी वाटली. खिडकी उघडीच होती.

"दुर्बीण लाव," मी म्हणालो. "रायफलीवरची. छोटी मिळते."

"टुरिस्टांचं खेळणं."

"टुरिस्टांना दिसतं तरी."

 त्याला दुर्बीण का नको होती ते मला माहीत होतं, दरीत सगळ्यांनाच माहीत आहे. गोरेदेमा नावाचा त्याचा जोडीदार होता. दोघं एका जखमी रेड्यामागे उंच गवतात शिरले. गोरेदेमाच्या रायफलीवर दुर्बीण होती. सकाळी लांबचं बघायला म्हणून त्याने तिचं कडं फिरवून चारवर नेलं होतं, म्हणजे सगळं चारपट मोठं. परत एकवर आणायला विसरला.

"मी त्याच्या शेजारीच होतो," तारुविंगा अंगठा खाली घेत म्हणाला. मी विचारलं नव्हतं. "रेडा आला. याने रायफल उचलली आणि म्हणतो, 'कुठाय? कुठाय? नुसतं काळंच दिसतंय.' रेड्याचा खांदा चारपट करून बघितलास तर दुसरं काय दिसणार! मी मारला. पण उशीर झाला. एकमेकांवर पडले दोघं."

"मग तू एकवर ठेव."

"तोही ठेवणारच होता."

तारुविंगाच्या घरी मुचानेता वहिनी भेंडी चिरत बसल्या होत्या. मुचानेता म्हणजे 'थकाल'. आमच्याकडे शेजाऱ्यांना टोमणा मारायचा असला की पोराला तसं नाव ठेवतात. वहिनींच्या वडिलांनी ते भांडखोर शेजाऱ्यांना ऐकवायला ठेवलं होतं. शेजारी थकले नाहीत. वहिनी थकल्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भेंडीचं देठ बाजूला टाकलं.

"जा की माशी-नाक्यावर. घरी वेळेवर याल. पण भावजी, ज्याला हत्ती दिसत नाही त्याला माशी दिसणार आहे का? तिथूनही हाकलतील."

 दुसऱ्या दिवशी आम्ही कांपिराकडे निघालो. सोबत एक कोंबडा घेतला, रिकाम्या हाताने जायला नको म्हणून.

कांपिरा घाटावरच्या गावात बंदुका दुरुस्त करतो. जन्मभर बंदुकांच्या आवाजाशेजारी बसून त्याचे कान गेलेत. एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. मी मध्ये उभा राहिलो की एक पुरा माणूस तयार व्हायचा, कोंबडा सोडून.

त्याने खण ओढला. शिकारीला आलेले पाहुणे मागे टाकून गेलेल्या तीन दुर्बिणी फडक्यावर मांडल्या. तारुविंगाने सगळ्यात मोठीला हात घातला. पुढे केवढी तरी काच, बशीसारखी.

"ती हरणासाठी!" कांपिरा ओरडला. तो सगळंच ओरडून बोलतो. "खुल्या माळावर, लांब उभं असलं तर! सगळ्यात कमी म्हणजे तीनपट. झुडपातून हत्ती निघाला तर हत्ती दिसणार नाही तुला. त्याची पापणी दिसेल!"

"पापणी?" तारुविंगा म्हणाला.

"पापण्या असतात की हत्तीला!"

"मला नाही दिसल्या कधी."

"तुला हत्ती तरी कुठे दिसतो," मी म्हणालो.

दुसरी एकपासून आठपटीपर्यंत जाणारी, नवी, भोपळ्यासारखी जड. आत इतक्या रेघा, खुणा आणि आकडे की विजेचं बिल वाटावं. मध्ये लाल ठिपका पेटायचा, पण त्याला नाण्याएवढी बॅटरी लागते आणि ती आमच्या दरीत मिळत नाही. तारुविंगाने डोळा लावला आणि काढला.

"हे वाचून होईपर्यंत हत्तीला काय बस म्हणू?"

तिसरी आखूड होती. सरळ नळी, कुठे फुगवटा नाही, रंग उडालेला. एकपासून चारपर्यंत. आत तीन जाड दांडे, एक खालून, दोन बाजूंनी, आणि मध्ये ते भेटतात तिथे बारीक फुली. बस. कांपिराने ती भिंतीच्या चुन्याकडे रोखून फुली रेखीव दिसेपर्यंत तिचं मागचं टोक तारुविंगाकडून फिरवून घेतलं, मग पट वाढवायचं कडं एकवर आणलं.

"आता दोन्ही डोळे उघडे ठेव! मिटायचा नाही एकही. दाराबाहेर बघ."

तारुविंगाने दाराबाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे टोमॅटो विकणारी बाई होती, तिच्या टोपलीच्या सावलीत एक कुत्रा झोपला होता. तो बघतच राहिला. दुर्बीण खाली घेईना.

"मोठं दिसतंय?" मी विचारलं.

"नाही. आहे तेवढंच." नळी जराशी फिरवून म्हणाला, "फुली दिसतीय. आणि कुत्राही दिसतोय."

"मग?"

"एकाच वेळी, सावीरा. दोन्ही एकाच वेळी."

असा आवाज त्याने त्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नातसुद्धा काढला नव्हता.

"खाच, मणी आणि जनावर तीन ठिकाणी असतात!" कांपिरा मला सांगत होता, मी बहिरा असल्यासारखा. "म्हातारा डोळा एकालाच पुरतो. हिच्यात फुली आणि जनावर एका पडद्यावर येतात. चालताना कायम एकवर! लांबचं बघायचं तर चारवर, आणि बघून झालं की परत एकवर! हाताला सवय लाव, डोक्यावर विसंबू नकोस!"

"ते मला सांगू नकोस," तारुविंगा म्हणाला. कांपिराला ऐकू आलं नाही. त्याने कोंबडा ठेवून घेतला.

दुर्बीण ज्याच्या गालाची त्यानेच बसवायची असते, असं कांपिराचं म्हणणं. म्हणून ते काम तारुविंगाच्या अंगणात झालं. रायफलीवर खालच्या पट्ट्या घट्ट बसल्या. वरच्या कड्यांचे स्क्रू ढिले ठेवून तारुविंगा स्टुलावर ऐसपैस बसला, मान लांब केली, गाल दस्त्यावर टेकला आणि दुर्बीण मागे मागे ओढत राहिला, काचेच्या कडेची काळी कोर जाऊन गोल पूर्ण भरेपर्यंत. पूर्ण भरला. स्क्रू आवळले. बार टाकला.

हत्तीच्या रायफलीची लाथ मोठी असते. दुर्बीण मागे आली आणि तिच्या कडेने त्याच्या भुवईवर नीट अर्धचंद्र कोरला. रक्त नाकापर्यंत आलं.

वहिनी घरातून बाहेर आल्या, बघितलं आणि आत जाऊन फडकं घेऊन आल्या.

"या टुरिस्टसाहेब," त्या म्हणाल्या. "कुठल्या देशातून आलात? शिकार झाली का चांगली?"

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाण्यासारखं केलं. त्याने गणवेशाचा शर्ट घातला, पट्टा लावला, रानात उभा राहतो तसा उभा राहिला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावली आणि मग उघडले. दुर्बीण पुढे सरकवली. भुवई आणि काच यांच्यामध्ये माझी चार बोटं मावायला लागली तेव्हा मी ठीक म्हटलं. फुली तिरकी बसू नये म्हणून आंब्याच्या फांदीला दगड बांधून दोरी सोडली आणि खालचा दांडा तिच्याशी जुळवला. वहिनींनाही एकदा बघू दिलं.

"डावीकडे कललंय," त्या म्हणाल्या.

"दुर्बीण?"

"तीही आणि हेही."

स्क्रू मी आवळले, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे, समोरासमोरचे, थोडे थोडे. मग रायफल मक्याच्या पोत्यांवर घट्ट बसवली, नळीमागचा सरकता बोल्ट काढला आणि नळीतून आरपार बघून वारुळावर ठेवलेला रंगाचा पांढरा डबा नळीच्या मधोमध आणला. रायफल न हलवता दुर्बिणीवरच्या चकत्या टिकटिक फिरवत फुलीही त्याच डब्यावर आणली. बोल्ट घालून बार टाकला. गोळी खाली डावीकडे. वर टिकटिक, उजवीकडे टिकटिक. पुन्हा बार. असं करत करत शेवटी डबा उडाला आणि वारुळामागे पडला. कोंबड्या दोन दिवस अंडी घालणार नाहीत असं वहिनींनी जाहीर केलं.

तारुविंगाने सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापली. आमच्याकडे मोडलेलं सगळं सायकलच्या ट्यूबवर चालतं. कडं एकवर आणलं आणि त्यावर ती पट्टी करकचून बांधली. काट्याझुडपांत घासून आपोआप फिरायला नको.

"आता हलेल?" मला विचारलं.

"सोडल्याशिवाय नाही."

तो अंगणात दोन्ही डोळे उघडे ठेवून फिरत राहिला. पपईवर नेम धरला, पाण्याच्या पिंपावर धरला, शेजाऱ्याच्या छपरावर धरला. संध्याकाळ झाली तरी फिरत होता. वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या.

"कालपर्यंत थकलोय थकलोय करत होते," त्या हळूच म्हणाल्या. "आता मी थकणार."

मका दुधात यायला आला तेव्हा परीक्षा झाली. बाई होत्या, विभागाची बाकीची माणसं होती, पेंटरही आपले प्राणी कसे मरतात ते बघायला आला होता. मी रेड्याचा दोर गाडीला बांधून बसलो.

जवळचा हत्ती. तारुविंगाने रायफल उचलली, आणि इतक्या सहज उचलली की बघणारे बोलायचे थांबले. गोळी हत्तीच्या डोळ्या-कानाच्या मध्ये. स्वतःच्या हत्तीच्या. मग त्याने रायफल खाली ठेवली, उकिडवा बसला आणि कागदासमोर टाळ्या वाजवल्या.

"सामन्यांगा, मातीत मिळालास, आमचा इलाज नव्हता..."

विभागातली पोरं हसली. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, तशी थांबली. पेंटरला मात्र गहिवरून आलं. त्याच्या कामाची अशी कदर दवाखान्याने कधी केली नव्हती.

लांबचा हत्ती. तिथे एकवर भागत नाही, कागदावरचा हत्ती बोकडाएवढा दिसतो. तारुविंगाने ट्यूबची पट्टी सोडली, मनगटात अडकवली आणि कडं चारवर फिरवलं. ते फिरवताना त्याचा जबडा हलला. श्वास घेतला, अर्धा सोडला. गोळी बरोबर जागेवर. कुणीतरी शिट्टी मारली.

आता फक्त रेडा. रेडा अंगावर येतो म्हणजे नेम धरायचाही फारसा प्रश्न नसतो. एवढं मोठं पत्र्याचं डोकं.

त्याने रायफल खाली ठेवली. उकिडवा बसला. तळवे जुळवले, टाळ्या वाजवल्या. एकही टाळी कमी नाही. त्याचे दोन्ही हात हत्तीची माफी मागण्यात गुंतले होते. ती झाल्यावर तो गुडघ्यावर हात रोवून उठला, रायफल घेऊन नीट उभा राहिला, आणि बाईंनी माझ्याकडे बघून हात खाली केला. मी गाडी सोडली.

आरशात मला दिसत होतं. रेडा झुडपातून निघाला, खडखडत सरळ त्याच्याकडे. रायफल वेळेवर उठली. दोन्ही डोळे उघडे. नळी थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे, परत डावीकडे, माणूस अंधारात काडेपेटी शोधतो तशी. बार झाला नाही. त्याच्या मनगटावर ट्यूबची पट्टी लोंबत होती.

मी ब्रेक दाबला. पण तिथे उतार आहे, रेडा आपला आपण येत राहिला. येऊन तारुविंगाच्या गुडघ्यांना हळूच टेकला आणि थांबला.

तो रायफल तशीच खांद्याला लावून उभा होता. मग त्याने ती खाली घेतली. कडं चारवरून एकवर आणलं. अगदी सावकाश.

"बाई," तो म्हणाला, "मी मेलो."

 बाई पुढे आल्या.

"सामन्यांगा, दोन्ही हत्ती पक्के बसलेत. रेड्याचा दोर मध्येच अडकला असं धरते मी. परत घेऊ."

"दोर अडकला नव्हता."

"अहो, पत्र्याचा आहे तो."

"म्हणून तर तुमच्याशी बोलतोय."

मी गाडीतून उतरून आलो. तो रेड्याच्या पाठीला टेकून जमिनीवर बसला होता.

"काय दिसलं रे?" मी विचारलं.

"काळं." त्याने भुवईवरच्या अर्धचंद्रावरून बोट फिरवलं. "नुसतं काळं. पेंटरच्या ब्रशाचा एक केस चिकटलाय रंगात, तो दिसला." मग म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं गोरेदेमा घाबरला होता. घाबरला नव्हता रे. त्याला खरंच दिसत नव्हतं."

बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हातातली परीक्षेची फाईल मिटली.

तारुविंगाने डोक्यावरची हॅट काढली आणि माझ्यासमोर धरली.

"मेलोय ना मी? मग बसलायस काय? तुझं काम कर."

"इथे?"

"मयत इथे आहे तर दुसरीकडे कुठे करणार?"

मग मी केलं. हॅट घातली. बोल्ट काढून घेतलेली रिकामी रायफल खांद्यावर टाकली, पोट पुढे काढलं आणि त्याच्या चालीने निघालो. मणी कापसाचा झालाय अशी तक्रार केली. बाईंच्या गाडीवर नेम धरला आणि शेजारचं झाड पाडलं. मेलेल्या झाडासमोर बसून टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन वाळक्या मासोळ्यांकडे बघून हत्तीची माफी मागितली. शेजाऱ्याच्या छपरावर नेम धरून बायकोला म्हणालो, हे बघ, छप्पर आणि फुली, एकाच वेळी. विभागाची पोरं लोळायला लागली. बाई तोंडावर फाईल धरून हसत होत्या. तारुविंगा सगळ्यात मोठ्याने हसत होता, डोळ्यांतलं पाणी त्याच्या अर्धचंद्रापासून निघाल्यासारखं गालावर येत होतं.

मला एकच गोष्ट आधी माहीत नव्हती. त्याच्या चालीने चालायचं तर उजवा गुडघा दर पावलाला थोडा वाचवावा लागतो. लहानपणापासून मी त्याला चालताना बघतोय. चालून बघेपर्यंत कळलं नव्हतं.

नक्कल संपली. मी हॅट त्याच्या डोक्यावर ठेवली. रायफल घेऊन उभा राहिलो. त्याने हात पुढे केला नाही. मग मी ती बाईंच्या हातात दिली.

मक्याची काढणी झाल्यावर मी परिषदेची गाडी घेऊन घाटावर निघालो होतो. माशी-नाक्याच्या दांडीशी तारुविंगा उभा होता. गणवेशाला इस्त्री. हातात जाळी. दुर्बीण त्याची स्वतःची, ती त्याने रायफलीवरून काढून घेतली होती आणि ट्यूबच्या पट्टीने नाक्याच्या खांबाला बांधली होती.

"उतरा," तो म्हणाला.

"अरे, मी आहे."

"माशीला काय ठाऊक तू कोण ते?"

मी उतरलो. त्याने गाडीभोवती पुरी फेरी मारली, चाकांच्या वर वाकून बघितलं, आरशामागे बघितलं, माझ्या कॉलरमध्येही बघितलं.

"सापडली का आजवर एखादी?"

"दिसल्या तर सापडतील ना. वहिनी तुझी रोज विचारते."

"आणि ही कशाला?" मी दुर्बिणीकडे बोट केलं. कडं एकवर होतं. "एकवर तर काही मोठं दिसत नाही."

"वेळ जात नाही इथे."

आमच्या मागे एक बस येऊन थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, कारण पुढे रस्त्यावर एक हत्ती आला होता. म्हातारा नर, एकटाच, एक सुळा तुटलेला. त्याला कसलीच घाई नव्हती. रस्त्याच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि कान हलवत बसकडे बघत राहिला.

तारुविंगाने खांबावरची पट्टी सोडली, दुर्बीण डोळ्याला लावली. मग त्याने कडं फिरवलं. दोन, तीन, चार.  तो फार वेळ बघत होता.

"आहेत रे," तो म्हणाला.

"काय?"

"पापण्या. चांगल्या लांब आहेत. धूळ बसलीय त्यांवर."

त्याने दुर्बीण जमिनीवर ठेवली, तिच्या शेजारी जाळी ठेवली, गुडघा वाचवत उकिडवा बसला आणि तळवे जुळवून हळूहळू टाळ्या वाजवल्या. बसमधले लोक खिडक्यांतून बघत होते. माफीचं काही म्हणाला नाही. नुसती हाक मारली, आपल्याच नावाने. हत्तीने ऐकलं की नाही ठाऊक नाही. तो रस्ता ओलांडून झाडीत गेला.

तारुविंगा उठला. कडं एकवर आणलं, जाळी उचलली आणि बसच्या मागच्या चाकापासून फेरी सुरू केली.